हिरव्या झाकणाचा मंगळवार

मंगळवारी दुपारी चार वाजले की मर्व्ह ट्रेगेन्झा कचऱ्याचे डबे बाहेर काढायचा. गाडी यायची बुधवारी सकाळी सातला. म्हणजे पंधरा तास आधी डबे काढायची काही एक गरज नव्हती. पण त्याची बायको नोरीन चारला काढायची, चाळीस वर्षं काढायची, म्हणून हाही चारला काढायचा. आणि खरं सांगायचं तर मंगळवारी चार वाजता त्याला दुसरं काही कामही नसायचं. सोमवारीही नसायचं. एकटा जीव सदाशिव, त्याला कसला आलाय वार!

नोरीन ऑगस्टमध्ये गेली, तिकडच्या ऐन थंडीत. पहिल्या आठवड्यात वालरूतल्या, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या त्या बंदरगावातल्या, रिवाजाप्रमाणे गल्लीतल्या लोकांनी दारात झाकलेली जेवणाची भांडी ठेवली, कार्डं पाठवली. मर्व्हने भांडी घासून ज्याची त्याला परत केली आणि कार्डं न उघडताच स्वयंपाकघरातल्या खणात कोंबली. मग जो तो आपापल्या कामाला लागला. त्यात लोकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मर्व्हच असा, की कोणी ‘कसा आहेस?’ विचारलं तर ‘मजेत’ म्हणून दार लावून घेणारा. जेटीपाशी धान्याची उंच कोठारं आहेत ना, तिथे वजनकाट्यावर जन्म काढलेला माणूस. बोलायचं काम त्याने लग्नाच्या दिवशीच बायकोवर सोपवून टाकलं होतं. ती गेली आणि घरातलं बोलणंच गेलं. कधी कधी दिवस मावळताना त्याच्या लक्षात यायचं, की आज आपल्या तोंडातून एक शब्द बाहेर पडलेला नाही. मग तो रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या बाईलाच म्हणायचा, “बरं बाई, उद्या भेटू.”

डिसेंबरात त्याच बाईने एक बातमी सांगितली. कुठल्याशा गावात एक म्हातारा आपल्याच स्वयंपाकघरात पडून मेला आणि अकरा दिवस कोणाला पत्ता लागला नाही. शेजारी म्हणे, पडदे तर नेहमीच ओढलेले असायचे, आम्हाला वाटलं गेला असेल मुलाकडे. ती बातमी मर्व्हच्या डोक्यात जी शिरली ती काही केल्या निघेना. मरणाचं त्याला फारसं वाटत नव्हतं, सत्त्याहत्तर म्हणजे काही कमी नव्हेत. पण अकरा दिवस! तेव्हापासून तो मागच्या दाराची कडी काढून ठेवू लागला. उगीच कोणाला दार फोडावं लागू नये.

लेकीला हे त्याने सांगितलं नव्हतं, पण लेकीला कळायचं ते कळलंच. जिल राहायची अ‍ॅडलेडला, दोन तासांच्या रस्त्यावर. तिने तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांच्या वसाहतीत बापासाठी एक खोली बघितली. “बाबा, तिथे पलंगाशी दोरी आहे. ओढली की माणूस धावत येतं. वालरूत तुला कोण आहे सांग बरं?” मर्व्हने बराच विचार केला आणि त्याला एकही नाव सांगता येईना. मग तिने कागद पाठवले. पुढच्या बुधवारी दुपारी बाराच्या आत सही करून पाठवायची, नाहीतर खोली दुसऱ्याला. कागद जेवणाच्या टेबलावर पडून होते. मर्व्ह त्यांच्या बाजूला ताटली ठेवून जेवायचा.

तर जानेवारीतल्या त्या मंगळवारची गोष्ट, मुदतीला अजून आठवडा होता. ऐन उन्हाळा, वाळवंटाकडून उत्तरेचा तापलेला वारा सुटला होता, अंगणातलं गवत पापडासारखं वाळलेलं, माश्या तोंडावरून हटायला तयार नाहीत. मर्व्हने लाल झाकणाचा डबा ओढत नेऊन रस्त्याकडेला लावला. लाल दर आठवड्याला जातो, त्याचा प्रश्न नाही. खोकी-बाटल्यांचा पिवळा आणि झाडपाल्या-खरकट्याचा हिरवा मात्र आळीपाळीने जातात, एक आठवडा हा, एक आठवडा तो. कोणाची पाळी कधी, त्याचा वर्षाचा कागद पालिका जानेवारीत घरोघर पाठवते. नव्या वर्षाचा कागद आला होता, पण तोही त्याच कार्डांच्या खणात गेला होता आणि तो खण उघडायचं मर्व्हच्या जिवावर यायचं.

“गेल्या खेपेला पिवळा,” तो स्वतःशी म्हणाला. “म्हणजे आज हिरवा.” बोटांवर मोजून पाहिलं, तरी हिरवाच आला. काढला हिरवा आणि गेला घरात.

बुधवारी सकाळी तो चहा घेऊन बसला होता. लाल डब्यांची गाडी खडखडाट करत येऊन गेली. थोड्या वेळाने दुसरी आली. गल्लीच्या तोंडाशी हळू झाली आणि मग न थांबता, एकाही डब्याला हात न लावता, सरळ दुसऱ्या टोकाला निघाली. मर्व्ह कप ठेवून खिडकीशी गेला. गाडी पिवळ्या डब्यांची होती! म्हणजे त्याची चूक झाली होती. बरं, एका म्हाताऱ्याचा डबा चुकला तर काही आभाळ कोसळत नाही. पण त्याने गल्लीत नजर टाकली आणि त्याला काही समजेनाच. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक घरापुढे हिरवं झाकण. एकसुद्धा पिवळं नाही.

इतक्यात समोरच्या घराचं दार धाडकन उघडलं आणि बर्नी कोवाल्ड बाहेर आला. बर्नी खेकडे पकडणारा माणूस, पन्नाशीचा, पोट पुढे, अंगात बनियन. परसातला पिवळा डबा ओढत तो अनवाणी गाडीमागे धावत सुटला. डब्यातून नाताळची खोकी टपाटप रस्त्यावर पडत होती.

“ए थांब! थांब की रे! आंधळा आहेस का मेल्या?”

गाडी वळून दिसेनाशी झाली. बर्नी रस्त्याच्या मधोमध धापा टाकत उभा राहिला, मग वळला आणि त्याला फाटकाशी आलेला मर्व्ह दिसला.

“मर्व्ह! म्हाताऱ्या, काय करून ठेवलंस हे?”

“मी?” मर्व्ह म्हणाला. “मी काय केलं?”

“अरे, आज पिवळा होता!”

“मग तू पिवळा का नाही काढलास?”

“तू हिरवा काढलास म्हणून!”

 तोवर शेजारची मारिसेल बाहेर आली होती. ती मूळची फिलिपिन्सची, गावातल्या इस्पितळात परिचारिका, नुकतीच रात्रपाळी करून आलेली. तिच्याही परसात पिवळा डबा तुडुंब भरला होता, झाकणसुद्धा बसत नव्हतं.

“मर्व्हकाका, आता दोन आठवडे हे कुठे ठेवू मी? नाताळात माझी दोन्ही भावंडं आली होती. खोक्यांचा डोंगर झालाय नुसता.”

“पण माझ्या डब्याचा आणि तुझ्या खोक्यांचा संबंध काय?”

“मी तुमचाच डबा बघून काढते ना! इथे राहायला आले तेव्हा बर्नीने पहिल्याच दिवशी सांगितलं, तुमच्या दारासमोर बघायचं, झाकणाचा रंग बघायचा, तसा आपला काढायचा. डोकं चालवायचं नाही.”

“पालिकेचा कागद येतो की घरी!” मर्व्ह म्हणाला.

“कागद?” बर्नी कडाडला. “कागद कोण ठेवतं? वीस वर्षं मी या घरात आहे, एकदा जरी उघडून पाहिला असेल तर शपथ. नोरीनचा डबा चारला बाहेर, माझा पाचला. माझं बघून पलीकडचा, त्याचं बघून त्याच्या पलीकडचा. आता तू काढतोस, म्हणून तुझा बघतो. सगळी मेंढरं रे आम्ही, आणि पुढचं मेंढरू तू! ते खड्ड्यात गेलं की सगळी खड्ड्यात.”

चौदा नंबरच्या फाटकाशी आयव्ही पेंगेली काठीवर रेलून उभी होती. वय एक्क्याण्णव. तिने मर्व्हच्या आईला पाहिलेलं, त्यामुळे मर्व्ह तिच्या लेखी अजून पोरगाच होता.

“मला तर काल संध्याकाळीच वाटलं होतं,” ती म्हणाली. “म्हटलं, हिरवा कसा काय? हिरवा तर मागच्या आठवड्यात गेला.”

“मग बोलला का नाहीत, आजी?” बर्नी म्हणाला. “अख्खी गल्ली वाचली असती!”

“म्हटलं, ट्रेगेन्झाच्या पोराने काढलाय म्हणजे बरोबरच असणार. या वयात माणसाने आपल्या डोक्यावर भरवसा ठेवू नये रे बाबा.”

सगळे हसले. गंमत म्हणजे मर्व्हही हसला, आणि आपला आवाज ऐकून त्याचा तोच दचकला. हसणं आवरून बर्नी पायानेच एक खोकं बाजूला सारू लागला.

“एक सांगू का? सांगायला लाज वाटते. नोरीन गेली ना, त्या आठवड्यात गल्लीतला एकही डबा बाहेर आला नव्हता. दुखवटा-बिखवटा काही नव्हता हं. मंगळवार आहे हेच कोणाला कळलं नाही. सकाळी गाडी रिकामी गेली तेव्हा आमच्या हिला कळलं. ओट्यापाशी उभी राहून रडली बिचारी.”

 मर्व्हला नोरीन आठवली आणि त्याच वेळी त्याला इतका आनंद झाला होता, की वेड्यासारखं कोणाच्या तरी पाठीवर थाप मारावीशी वाटत होती. पाच महिने तो मंगळवारी चार वाजता हे डबे ओढत होता, कुत्रंही आपल्याकडे बघत नाही असं समजून. आणि तेवीस घरं खिडकीतून त्याच्याकडे डोळे लावून बसली होती! पाठीवर थाप त्याने काही मारली नाही. खाली वाकून बर्नीची खोकी गोळा करू लागला.

त्या संध्याकाळी त्याने आपण होऊन जिलला फोन लावला. एरवी फोन नेहमी तीच करायची, त्यामुळे ती घाबरली.

“बाबा? काय झालं? पडलास का?”

“पडतो कशाला? ऐक तरी,” म्हणून त्याने सगळं सांगितलं. बर्नीचं अनवाणी धावणं सांगितलं, आयव्हीचं बोलणं नक्कल करून सांगितलं. जिल खूप हसली. 

“छान झालं रे बाबा. पण राग मानू नकोस, ते तुझ्या डब्याकडे बघतात. तुझ्याकडे नाही. डबा आला नाही तर त्यांचा कचरा राहील एवढंच. आईचा डबा आला नाही तेव्हा कोणी दार वाजवलं? आणि तुझं काही झालं तर कोणी वाजवेल? खरं सांग.”

लेक दुष्टपणाने बोलत नव्हती. तिकडे तिला झोप लागत नव्हती म्हणून बोलत होती. मर्व्हला ते कळत होतं.

“पुढच्या बुधवारी बारापर्यंत हं, बाबा,” ती हळूच म्हणाली.

सुखाचं एक वाईट असतं. ते येऊन गेलं की घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटतं. न आलेलं परवडलं, निदान सवय तरी मोडत नाही. तो सगळा आठवडा मर्व्हला फार जड गेला. झालेली गंमत त्याला एकाच माणसाला सांगायची होती आणि ते माणूस नव्हतं. शुक्रवारी त्याने हिंमत करून खण उघडला, पालिकेचा कागद शोधून भिंतीला लावला. मग कार्डं उघडायला घेतली. चार उघडली, पाचवं काही उघडवेना. बर्नी रस्त्यात दिसला की ओरडायचा, “काय रे मेंढरा, आज कुठलं झाकण?” आणि मर्व्ह हात वर करायचा. पण बर्नी पुढे जायचा आपल्या बोटीकडे, आणि मर्व्ह मागे वळायचा आपल्या टेबलाकडे. जिलचं बरोबरच होतं. सोमवारी जेवण झाल्यावर त्याने पेन काढून कागदावर ठेवलं. आता उद्या डबे काढू, परवा सकाळी सही करू, असं ठरवलं आणि ठरवल्यावर त्याला जरा हलकंही वाटलं.

मंगळवारी पारा एक्केचाळीसवर गेला होता. या खेपेला खरोखरच हिरव्याची पाळी होती, कागदावर दोनदा बघून मर्व्हने चारच्या ठोक्याला डबा काढला. मग आत येऊन त्याने, शेवटचंच म्हणून, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बघत बसला.

साडेचारला बर्नीची बायको आली. फाटकातून मान बाहेर काढून तिने इकडे पाहिलं, झाकणाचा रंग पाहिला आणि आत जाऊन हिरवा घेऊन आली. तिचं बघून पलीकडचा. मग मारिसेल कामावर निघताना एका हाताने गाडीची किल्ली सांभाळत डबा ओढून गेली. एकामागून एक, एकामागून एक. मर्व्ह क्रिकेटचा सामना बघावा तसा रंगून गेला होता. साडेपाचला त्याने सगळी गल्ली डोळ्यांनी फिरून पाहिली. सगळे आले होते. चौदा नंबर सोडून.

काढेल की, त्याने मनाशी म्हटलं. म्हातारी आहे, ऊन उतरल्यावर काढेल. आपल्याला काय करायचंय? कोणाच्या दारात जाऊन ‘डबा का नाही काढला’ विचारणं म्हणजे काय शोभा! तो उठला, पाणी प्याला, परत बसला. चौदा नंबरचे पडदे ओढलेले होते. आणि तेव्हा जिलचा प्रश्न त्याला आठवला, कोणी दार वाजवेल का? आठवडाभर तो हा प्रश्न गल्लीला विचारत होता. गल्लीत आपणही राहतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो टोपीसुद्धा न घालता निघाला.

दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. घंटा दाबली, ती आत वाजलेली ऐकू आली. कोणी हललं नाही.  तो बाजूच्या बोळातून मागे गेला. तिन्ही डबे भिंतीला लागून उभे होते. मागच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत आयव्ही पेंगेली बसली होती. गळ्याभोवती ओला टॉवेल, मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले.

“आजी!” मर्व्ह ओरडला. “आयव्ही आजी!”

तिने एक डोळा उघडला.

“ओरडतोस कशाला? बहिरी नाही मी.”

मर्व्हचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच पायरीवर बसला.

“दार वाजवलं, घंटा वाजवली. ऐकू नाही आलं?”

“आलं की. तिन्ही वेळा आलं.”

“मग? बरं वाटत नाही का? डबा नाही काढलात तुम्ही.”

“नाही काढला,” ती म्हणाली. “मुद्दाम नाही काढला.”

 म्हातारीने टॉवेल काढून मांडीवर घेतला आणि त्याच्या घड्या घालू लागली. वर बघितलं नाही.

“त्या दिवशी तुझा डबा चुकला तर सगळी गल्ली रस्त्यावर आली. मला फार बरं वाटलं ते बघून. मग घरात आले आणि मनात आलं, माझा डबा कोण बघतं? मी पडले इथे, तर कळणार कोणाला? म्हटलं, एकदा बघूच. चार वाजल्यापासून बसलेय.”

“आणि कोणीच आलं नसतं तर?”

“तर उद्या सकाळी मुलाला, कॉलिनला, फोन केला असता, येऊन घेऊन जा म्हणून. दोन वर्षं मागे लागलाय, मेलबर्नला चल, मेलबर्नला चल.” तिची हनुवटी थरथरत होती, पण आवाज खणखणीत. “दीड तास लावलास, ट्रेगेन्झाच्या पोरा. पहिल्यांदा दार वाजलं ना, तेव्हा उठवेचना मला. म्हटलं, अजून एकदा ऐकू दे.”

मर्व्हला तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं, मी मेलो असतो ना घाबरून, असं म्हणावंसं वाटत होतं.  डोळे मात्र भरून आले. ते पुसायला तो उठला आणि तिचे दोन डबे, लाल आणि हिरवा, ओढत पुढे घेऊन गेला. म्हातारी काठी टेकत त्याच्यामागे फाटकापर्यंत आली.

“पुढच्या मंगळवारी वेळेवर काढीन हं,” ती म्हणाली. “दर आठवड्याला तुला नाही पळवणार.”

“पुढच्या मंगळवारी पिवळा आहे. चार आठवड्यांचं साठलंय, तुम्हाला ओढणार नाही. हात लावू नका. मी येतो.”

बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

“येशील ना नक्की?” तिने विचारलं. टेबलावरच्या कागदांचं तिला काही ठाऊक नव्हतं, गल्लीत कोणालाच नव्हतं. एक्क्याण्णव वर्षांची बाई फाटकाला धरून शाळेतल्या पोरीसारखी विचारत होती.

“येईन,” मर्व्ह म्हणाला. “नक्की.”

घरी जाऊन त्याने आधी फोन उचलला.

“जिल, ती खोली दुसऱ्या कोणाला देऊन टाका म्हणावं त्यांना.”

“बाबा! पुन्हा ते डबे? अरे, मी तुला सांगितलं ना...”

“डब्यांचं नाही गं. मी इथे एका बाईला शब्द दिलाय.”



“बाई? कोण बाई?”

“एक्क्याण्णव वर्षांची आहे,” मर्व्ह म्हणाला. “तिचं दार वाजवायला कोणी नाही.”

 जिल रडतेय हे त्याला ऐकू येत होतं. फोन कानाला लावून तो तसाच उभा राहिला, ती थांबेपर्यंत.